बाबांच्या फोनची दुरुस्ती

बाबा सकाळी वारले आणि दुपारी त्यांनी आत्याला फोन केला.

यात भुताटकी नव्हती, माझी कारागिरी होती! चंद्रपूरच्या आमच्या घरातून मी काहीही भंगारात जाऊ देत नाही. मिक्सरची मोटर पंख्यात, टीव्हीचा स्पीकर रेडिओत. (पंखा चटणी वाटल्यासारखा ओरडतो, पण फिरतो.) बाबा अंगणात छाती धरून कोसळले, तेव्हा हातातला मोबाइलही फुटला. नातेवाइकांचे सगळे नंबर त्यातच!

"दुकानात पाठवा ना कोनाच्या हातानं," बायको म्हणाली.

दुकानात? मी? बाप समोर निजलेला, आणि मी एका जुन्या मोबाइलचा स्क्रीन काढून त्यांच्या मोबाइलला बसवत होतो. हात कामात असले की रडू येत नाही, हेही होतंच.

मोबाइल सुरू झाला. बायकोनं अहेरीला आत्याला कळवलं. बाबांची एकुलती एक बहीण.

"मी निघतो! तोवर नेऊ नका त्याले!" म्हणत ती एसटीत बसली.

पण त्या स्क्रीनला खोड होती. बोट न लावताच तो आपोआप चालायचा! माझ्या खिशात बसून त्यानं परस्पर आत्याला फोन लावला. मला पत्ता नाही. नेमके तेव्हाच शेजारचे दादाजीभाऊ रडत विचारत होते, "कसं होईन आता या घराचं?"

मी ओरडून (त्यांना कमी ऐकू येतं!) म्हणालो, "मी आहे ना अजून! कायले घाबरता?"

आणि माझा आवाज हुबेहूब बाबांचा.

आम्ही वाट बघत बसलो. ऊन उतरलं. जाणती माणसं घाई करू लागली. आत्याचा पत्ता नाही. शेवटी मी त्याच फोनवरून तिला लावला.

"कुठी आहेस?"

"भाऊ, तू बोलू नको, आराम कर! मी अर्ध्या वाटेत गोंडपिपरीले उतरून परत घरी चालली. आन् तुह्या सुनेले सांग, जित्या मानसाले असं मारत नसतात!" परतीच्या एसटीत बसून ती आनंदानं रडत होती.

"आत्या... मी बाबा नाई."



"मंग भाऊ?" तिनं हळूच विचारलं.

मला पुन्हा सगळं सांगावं लागलं.

ती उलटी फिरली. पण दिवस मावळायला आला, आणि थांबा म्हटलं तरी माझं कोणी ऐकेना. ती पोचली तेव्हा आम्ही घाटावरून येऊन अंगणात पाय धूत होतो. तिनं बाबांना निजवलं होतं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एका दिवसात दोनदा मारलं रे माह्या भावाले!"

मी तिच्या पायाशी बसून हुंदके देत म्हणालो, "आत्या, मी फक्त दुरुस्त करून राह्यलो होतो."

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

"दिसून राह्यलं ना, बाबू," ती म्हणाली.