पास्कूकाकांचं कॅलेंडर

पास्कूकाकांना जन्मतारीख विचारली की ते रंग सांगायचे. आधार कार्डावरची तारीख दुरुस्त करायला मी त्यांना एकदा स्कूटरवर बसवून तुळिंजच्या आधार केंद्रावर नेलं होतं. खिडकीमागच्या मुलीने कीबोर्डवर बोटं ठेवून विचारलं, "अंकल, डेट ऑफ बर्थ बोला."

"जांभळ्यात झालो मी," काका म्हणाले. "आगमनकाळाचा दुसरा रविवार."

"वो नहीं, डेट बोलो ना, डेट. महिना, साल."

"दुसरा रविवार म्हंजे दुसराच रविवार. त्याच्यात काय घोळ हाय?"

"अंकल, ये सिस्टम में नहीं आता."

"मंग सिस्टमला मिस्साला पाठव," असं म्हणून काकांनी पिशवी उचलली. रांगेतली माणसं हसली, मुलगी हसली, आणि मी बाप्तिस्म्याच्या दाखल्याची झेरॉक्स पुढे सरकवून प्रकरण मिटवलं. परतीच्या वाटेवर त्यांनी मला ऐकवलं की शिकलेल्या माणसांची हीच गंमत आहे, सगळं विचारतील आणि उत्तर मिळालं की गोंधळतील.

काका आमच्या चर्चचे सेवक होते. म्हणजे वेदीवरचं कापड बदलायचं, फादरांचे मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचे, झगे धुऊन इस्त्री करायचे, मेणबत्त्या लावायच्या, घंटा वाजवायची आणि उरलेल्या वेळात सगळ्या गावाला टोमणे मारायचे. हे शेवटचं काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यात त्यांनी एक दिवसही रजा घेतली नाही. घरी थोडी भातशेती आणि केळीची वाडी होती. ती सांभाळायला रेजीनाकाकी होत्या, आणि काकांनाही त्याच सांभाळत.

चर्चचं वर्ष या कापडाच्या आणि झग्यांच्या रंगांवर चालतं. नाताळच्या आधी वाट पाहण्याचे चार आठवडे, तो आगमनकाळ, जांभळा. नाताळ पांढरा. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ पुन्हा जांभळा. ईस्टर पांढरा. आणि उरलेलं सगळं वर्ष, चांगले तेहतीस-चौतीस आठवडे, हिरवा. त्या हिरव्याला आम्ही सामान्यकाळ म्हणतो. काका म्हणायचे, "बघ मास्तर, देवाने वर्साचा मोठा तुकडा सामान्यच ठेवलाय. रोज चमत्कार दाखवायला त्याला पन जमत नाय. आनि तुमाला मात्र रोज सन पायजे." मी शाळेत शिकवतो म्हणून मी मास्तर. मला कधी त्यांनी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

हे कॅलेंडर मागे-पुढे करण्याची कोणालाही परवानगी नव्हती. एका डिसेंबरात गावातल्या तरुण मंडळींनी चर्चच्या आवारात मोठा गोठा उभारला, दिव्यांच्या माळा सोडल्या आणि फोटो काढायचे म्हणून नाताळला दहा दिवस असतानाच बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवून दिली. काका आले, शांतपणे वाकले, बाळाला उचलून सदऱ्याच्या खिशात घातलं आणि चालू लागले. मंडळी मागे धावली. काका वळून म्हणाले, "मरियामाय अजून नाझरेथला हाय. गाढवावर पन बसली नाय. आनि तुमी बाळ आनून ठेवलं? नऊ महिने तरी भरू द्या बिचारीचे!" बाळ दहा दिवस काकांच्या कपाटात कुलपात राहिलं. फोटोत गव्हाण रिकामीच आली.

फादरांनाही सवलत नव्हती. जांभळ्या उपवासकाळात मध्येच एक रविवार आनंदाचा येतो, त्या दिवशी मिस्साला गुलाबी झगा घालतात. नवीन आलेले फादर तरुण होते, त्यांना गुलाबी रंगाचा संकोच वाटत होता. वेदीमागच्या खोलीत ते जांभळा झगा शोधू लागले. काकांनी तो आधीच वाडीतल्या घरी नेऊन ठेवला होता. "फादर, दुःख चाळीस दिवस सांगतात, ते सगले पाळतात. आनंद एक दिवस सांगितलाय, तर लाज वाटते?" फादर गुलाबी झगा घालून बाहेर आले. पहिल्या बाकावरच्या बायका मिस्साभर खाली मान घालून हसत होत्या.

उपवासकाळात 'आलेलुया' म्हणायचं नसतं. तो ईस्टरचा आनंदाचा शब्द, तो चाळीस दिवस बंद. हा नियम काकांनी इतका मनावर घेतला होता की त्यांच्या मोबाईलची रिंगटोन आलेलुयाची होती, ती राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, स्वतः जाऊन दुकानातून बदलून आणायचे. लग्न ठरलेली एखादी मुलगी त्या दिवसांत आपल्या लग्नाच्या मिस्सातल्या गाण्यांची तालीम करायला आली आणि चुकून तो शब्द गुणगुणली, तर काका दारातून विचारत, "काय गं, येशूच्या आदी तूच उठलीस?" गायनमंडळात माझ्या हाताखाली बारा गायक होते. फादरांपेक्षा ते काकांना जास्त घाबरत.

माझी आणि काकांची खरी ओळख मात्र याच शब्दावरून झाली. मी गायनमंडळाचा की-बोर्ड वाजवायचो आणि गायचो. माझी बायको लविना शेजारी उभी राहून दुसरा सूर धरायची. वीस वर्षं आम्ही तसे उभे होतो. तीन वर्षांपूर्वी ती गेली, दोन महिन्यांच्या आजारात, आणि गेली ती नेमकी ईस्टरच्या आठवड्यात. तिच्या मयतीच्या मिस्सात, काळ ईस्टरचा म्हणून, सगळं चर्च उभं राहून आलेलुया गात होतं. नियमाने बरोबरच होतं ते. मला मात्र कोणीतरी भर सभेत तोंडावर मारल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी गायनमंडळ सोडलं. रविवारी मिस्सालाही जाईनासा झालो. लोक येऊन देवाची इच्छा, देवाची योजना वगैरे समजावून गेले. काका तेवढे आले नाहीत. मला बरं वाटलं आणि रागही आला.

ते आले दहा महिन्यांनी, राखेच्या बुधवाराच्या आदल्या दिवशी, हातात पोतं घेऊन. आमच्याकडे ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादाच्या झावळ्या मिळतात, त्या वर्षभर घरातल्या क्रुसामागे खोचून ठेवतात. पुढच्या वर्षी त्याच वाळलेल्या झावळ्या गोळा करून जाळतात आणि ती राख बुधवारी सगळ्यांच्या कपाळाला लावतात. काका दरवर्षी घरोघर फिरून त्या मागायचे. आमच्या क्रुसामागची झावळी लविनाने खोचलेली होती, जाण्याच्या दोन आठवडे आधी, खुर्चीवर चढून, मी नको म्हणत असताना.

"ही नाही देणार," मी सांगितलं.

काकांनी चष्मा सारखा करून क्रुसाकडे पाहिलं. "तिने लावलेली?"

"हो."

"कीड लागलीय."

"लागू दे."

"बरं." ते खाली बसले, पाणी मागितलं, अर्धा तांब्या प्यायले. मग म्हणाले, "मास्तर, ठेव. पन झावळी ठेवून बाय परत येत असती तर मी अख्खी वाडी घरात आनून ठेवली असती. माजी पन एक पोर गेली ना." मला हे माहीत नव्हतं. काकांना मूल झालंच नाही असंच माझी पिढी समजत होती. "आट वर्सांची होती. गुड फ्रायडेला गेली. शनिवारी ईस्टरसाठी वेदीवर पांढरा कपडा टाकायचा होता. हात चालत नव्हते. जुन्या फादरांनी सांगितलं, राहू दे, दुसरा कोन टाकेल. मी म्हटलं, नाय, मीच टाकनार. कपडा आदी बदलायचा. मन येतं मागून."

"आलं?" मी विचारलं.

"आलं की. सात-आट वर्सांनी." आणि तांब्या खाली ठेवून ते स्वतःच हसले. "मी कुटं म्हटलं लगेच येतं?"

मी झावळी काढून दिली. दुसऱ्या दिवशी फादरांनी तीच राख, म्हणजे तिच्यातली चिमूटभर तरी, माझ्या कपाळाला लावली. मी दहा महिन्यांत रडलो नव्हतो, तो बाकावर बसून रडलो. बाहेर काकांनी माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "रविवारी वाजवायला ये. मंडळ बेसूर झालंय, उपवासकाळ असला म्हनून कानांनी काय पाप केलं? आनि तुला सोयीचं हाय. चाळीस दिवस तो शब्दच नाय."

मी गेलो. उपवासकाळाची गाणी मला खरंच सोयीची होती. सगळं दुःख, पश्चात्ताप, वाळवंट. माझ्याइतकं मन लावून त्या वर्षी कोणी गायलं नसेल. मग ईस्टर आला, पांढरा कपडा आला, आणि आलेलुयाच्या वेळी माझं तोंड बंद झालं. हात वाजवत राहिले, बाकीचे गायले. पुढे हिरव्यातही तेच, दर रविवारी. इतर सगळी गाणी मी म्हणायचो, शुभवर्तमानाच्या वाचनाआधी आलेलुया येतं, तेवढी दोन मिनिटं मुका. गायनमंडळाला सवय झाली. काकांना झाली नाही. घंटेची दोरी धरून ते लांबून माझ्या तोंडाकडे बघत असायचे.

"मास्तर," एकदा आवार झाडताना त्यांनी विचारलं, "तुजा उपवासकाळ चाळीस दिवसांचा हाय का चाळीस वर्सांचा? नाय, मला कपडा इस्त्री करायचा असतो, म्हनून विचारतो."

"तुम्हीच म्हणालात ना, मन मागून येतं."

"म्हटलं. पन तू पुढून दार लावून बसलास तर ते शिरनार कुठून?"

मला त्यांचा तेव्हा खूप राग आला होता. दोन रविवार मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी ते लक्षातही आल्याचं दाखवलं नाही. तिसऱ्या रविवारी की-बोर्डवर केळ्यांची एक फणी ठेवलेली मिळाली.

गेल्या उपवासकाळात, तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी काका केळींना पाणी सोडायला गेले, बांधावर बसले आणि बसल्याजागीच गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. दुरुस्ती करूनही आधार कार्डावर शहात्तरच आहे. मयत दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवली. सेवकच गेल्यामुळे काय कुठे आहे हे कोणाला कळेना, म्हणून मी वेदीमागच्या खोलीत कपाट उघडलं. जांभळे झगे घडी करून एका बाजूला, आणि समोर, येत्या रविवारसाठी, गुलाबी झगा इस्त्री करून टांगलेला. चार दिवस आधीच. मी कपाट लावून घेतलं.

चर्च भरलं होतं. बाहेरही माणसं उभी होती, त्यातल्या बहुतेकांना काकांनी कधी ना कधी टोचलेलं. शवपेटी वेदीसमोर. शुभवर्तमानाआधी, आलेलुयाच्या जागी, उपवासकाळातलं स्तुतिवचन म्हणायचं होतं, ते मी स्वतःच निवडलं होतं, कागद समोर होता. सगळे उभे राहिले. मी पेटीकडे पाहिलं, सूर दिला आणि तोंड उघडलं.

आलेलुया.

पहिल्या ओळीला मला कळलंच नाही. दुसऱ्या ओळीला लक्षात आलं की मंडळातले बारा जण माझ्याकडे डोळे फाडून बघतायत आणि कोणीच गात नाही. फादर पुस्तक हातात धरून खांबासारखे उभे. लविनासोबत वीस वर्षं म्हटलेली चाल होती ती, तिचा दुसरा सूर जिथे यायचा तिथे मोकळी जागा सोडून मी गात होतो. थांबावं असं वाटलं आणि थांबता आलं नाही. मला भीती वाटली, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर दोन वर्षं अकरा महिन्यांत इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात पहिल्या बाकावरून एक थरथरता, अगदी बेसूर आवाज आला. रेजीनाकाकी गात होत्या. मग त्यांच्या मागचा बाक, मग मंडळ, मग बाहेरचे. भर उपवासकाळात अख्ख्या गावाने मिळून आलेलुया म्हटलं, आणि ज्याने आयुष्यभर आम्हाला ते म्हणू दिलं नाही तो समोर निमूट पडून ऐकत होता.

मिस्सानंतर फादर म्हणाले, "सर, उपवासकाळ सुरू आहे." मी म्हटलं, "हो फादर, चुकलं." त्यांनी चष्मा काढून पुसला.

दफनभूमीच्या फाटकाशी काकींनी माझा हात धरला. "मास्तर, त्याला चाललं नसतं हां. पेटीतून उठून तुला गप केला असता."

"उठले असते तर मी आणखी एकदा म्हटलं असतं, काकी."

त्या हसल्या, मग पदर तोंडाला लावला.

साडेतीन आठवड्यांनी ईस्टर आला. वेदीवरचा पांढरा कपडा त्या वर्षी मी टाकला, एका बाजूला चार बोटं जास्त लोंबत होता. सकाळच्या मिस्सात, योग्य जागी, योग्य वेळी, मी आलेलुया म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तोंड उघडून. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.