जिन्यातल्या दिव्याच्या आठ परीक्षा

३ जून १९६९. हातातलं काम: चिखलीतल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात जिन्याला बसवलेला नवा दिवा तपासून दाखल्यावर सही करणं.

तो जिना भरदुपारीही काळोखा. आदल्या वर्षी एक मुलगी त्यावरून घसरून मनगट मोडून बसली आणि तिच्या वडिलांना अधीक्षिका म्हणून मला तोंड द्यावं लागलं. त्यामुळे सहीची मला घाई नव्हती.

वायरमननं खालचं बटण दाबलं, दिवा लागला. वर जाऊन विझवला, वरूनच लावला, खाली येऊन विझवला.

"झालं न, बाई? करा सही."

"आता खालून लावा, वर विझवा आणि खाली येऊन परत लावा."

"काऊन? आत्ताच तं लागला!"

"लावा तरी."

लागला नाही. तो वायरी सोडवायला बसला.

तोवर मी पाटी घेतली. दोन बटणं, प्रत्येक वर किंवा खाली, म्हणजे चार अवस्था. प्रत्येक अवस्थेत एकदा हे दाबायचं, एकदा ते. आठ वेळा. दर वेळी दिवा पालटला पाहिजे. सातांवर थांबलं तर खोट आठव्यात दडू शकते. नवव्याची गरज नाही, हे मी त्याला जरा तोऱ्यातच सांगितलं.

त्यानं वायरी नीट जोडल्यावर आठही परीक्षा बरोबर निघाल्या. मी पेनाचं टोपण काढलं आणि जाता जाता उगाच बटण दाबलं. अंधार. पुन्हा दाबलं. अंधारच.

"नवव्याची गरज नव्हती न, बाई?" वायरमन म्हणाला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या स्वयंपाकीणबाई ओरडल्या, "माह्या बटनानं विझला का हो?"

डाळीच्या डब्यामागे तिसरं बटण होतं; ते बंद केलं की जिन्यातली दोन्ही निकामी.

"त्याले चहा पाजला, तं त्यानं लावून देलं. पोरी दिवा विझवत नाहीत अन् माह्ये गुडघे दुखतात."

वायरमन आता छताकडे पाहत होता.

माझ्या आठ परीक्षा अपुऱ्या नव्हत्या. दोन बटणांच्या दिव्याला त्या पुरेशा होत्या. बटणं किती, हे मात्र मी मोजलं नव्हतं, धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी वसतिगृहातला प्रत्येक डबा आणि कपाट सरकवून चौथं बटण शोधलं. नव्हतं. तिसरं वायरमनकडून काढून घेतलं, त्यालाच जिना चढउतर करायला लावून आठही परीक्षा नव्यानं घेतल्या, दाखल्यावर "बटणे दोनच" असं लिहिलं आणि त्याखाली सही केली.