पेसामिनो सर आणि मॅग्नेशियमचा दुसरा इलेक्ट्रॉन

आमच्या सवाईई बेटावरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा माणूस एकच, पेसामिनो सर. अंग इतकं भरदार, की ते फळ्यासमोर उभे राहिले की अर्धं समीकरण झाकलं जायचं. उरलेलं अर्धं मुलं अंदाजाने लिहीत, आणि बहुधा बरोबर लिहीत.

अणूतून इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते, हा त्यांचा लाडका धडा. "थोरला भाऊ ऑकलंडला गेला तेव्हा आई नुसती रडली," ते सांगत. "मी निघालो, तर बॅगेवरच बसली! एक गेला की उरलेल्यांवरची पकड घट्ट होते. दुसऱ्याला नेहमीच जास्त ऊर्जा." आईने बॅग सोडली नाही म्हणून तर सर आम्हाला मिळाले.

त्या वर्षी शेवटच्या वर्गात आम्ही नऊच मुलं होतो. राजधानी आपियाहून तपासनीस आले, तुइलोमा साहेब. ते एक गणित घालणार. निम्मी मुलं चुकली तर वर्ग बंद, आणि मुलांनी रोज बोटीने शेजारच्या उपोलू बेटावर जायचं.

कोकोचे तीन पेले रिचवून साहेबांनी फळ्यावर लिहिलं : मॅग्नेशियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ७३८ किलोज्यूल, दुसरा काढायला ४५१. अर्ध्या मोलमधल्या प्रत्येक अणूचे दोन्ही काढा.

खरा आकडा १४५१. साहेबांकडून सुरुवातीचा एक लिहायचा राहून गेला होता. मुलांनी पाहिलं, सरांनी पाहिलं, मागच्या बाकावरून मीही पाहिलं. पण वडीलधाऱ्या पाहुण्याची चूक चारचौघांत दाखवणार कोण? आम्ही नऊ जणांनी माना खाली घालून ५९४.५ लिहिलं.

साहेबांनी हातातल्या कागदावरच्या उत्तराशी ताडून पाहिलं. "नऊच्या नऊ चूक! पेसामिनो, शिकवलंस काय रे यांना?"



तेव्हा आमच्यातली फिलोमेना उठली. कंबरेत वाकून म्हणाली, "माफी असावी साहेब. आमच्या बेटावरचं मॅग्नेशियम फार चिकट आहे. तुमचं आपियाचं दिलदार दिसतंय. दुसरा इलेक्ट्रॉन पहिल्यापेक्षा स्वस्तात देतंय!"

साहेब फळ्याकडे वळले. मग आधी त्यांचं पोट हललं, हसू मागून आलं.

"अगं, मग आधीच बोलायचं ना!"

"आधी तुम्ही रागावला नव्हतात, साहेब."

एकाचा आकडा जागेवर आला. आठ जणांचं उत्तर १०९४.५ निघालं, आतोनियो घाईत निम्मं करायला विसरला. तुइलोमा साहेबांनी अहवालात लिहिलं, 'वर्ग चालू ठेवावा.' खाली शेरा होता : 'मुलांची शिस्त नको तितकी चांगली. शिक्षकाचीही.'