लाइट कधी येणार, भाऊ?

किस्से गोळा करायचे म्हणून कोणी लाइनमन होत नाही. पण लाइट असली की आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि गेली की अख्खं गाव घराबाहेर येऊन आमच्याशीच बोलतं. मग काय होणार? एका वळवाच्या वादळात जेवढे खांब पडतात, त्याच्या दुप्पट किस्से पडतात. घरी जाऊन बायकोला सांगेपर्यंत निम्मे विसरलेले असतात. उरलेले तुम्हाला सांगतो.

आमची टोळी तिघांची. मी मूळचा बीडचा, चाकणकडे लाइनमन म्हणून लागलो आणि इथलाच झालो. माझे सीनियर बाळूभाऊ इथल्या जुन्या गावातले. मिशा पांढऱ्या झाल्या, पण खांबावर अजून खारीसारखे चढतात. आणि जीपवर शकीलभाई. घरचं गॅरेज धाकट्या भावाकडे सोपवून हे आमच्याबरोबर चिखल तुडवतात. म्हणतात, "गॅरेज में गाड्या येतात, इथे किस्से येतात!"

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी असं वादळ झालं की आम्ही तिघं आठवडाभर घरी फक्त आंघोळीला जात होतो. हे सगळे त्याच आठवड्यातले.

*

पहिल्याच दिवशी मी खांबावर, कमरेला पट्टा, हातात पक्कड. खिशातला फोन वाजतोय वाजतोय, थांबायचं नाव नाही. म्हटलं साहेब असतील. कसाबसा उचलला.

"लाइट कधी येणार, भाऊ?"

"काम चालू आहे साहेब. माणसं खांबावर आहेत."

"कसलं काम चालू आहे? बघतोय ना मी, फोनवरच बोलताय की!"

मी दचकलो. "तुम्हाला कसं दिसतंय?"

"खाली बघा ना. मीच आहे!"

खाली बघितलं. लुंगीवर एक गृहस्थ, कानाला फोन, दुसऱ्या हाताने मला टाटा करत होते!

*

दुसऱ्या दिवशी एमआयडीसीतल्या एका कंपनीचा फोन. लाइन तुटून आत शेडवर पडलेली. वाऱ्याने उडालेला पत्रा जनरेटरवर बसलेला. प्रॉडक्शन बंद, शिफ्टची माणसं गेटबाहेर सावलीला बसलेली. साहेब म्हणाले, "सगळं सोडा, आधी तिकडे पळा!"

आम्ही पळालो. गेटवर सिक्युरिटीवाले काका. माजी फौजी, कडक इस्त्री, वादळातसुद्धा टोपी तिरकी झालेली नाही.

"सेफ्टीचा व्हिडिओ बघितल्याशिवाय आत एंट्री नाही."

बाळूभाऊ म्हणाले, "मंग लावा की."

"लाइट नाही."

"आवो, लाइटीसाठीच आलोय आमी!"

"बरोबर. व्हिडिओ बघा आणि जा."

"पन लाइट न्हाई तर व्हिडिओ दिसंल कसा?"

काकांनी शांतपणे विचार केला. म्हणाले, "तो माझा विषय नाही."

शेवटी आतून एचआरच्या मॅडम धावत आल्या. काका त्यांनाही हटेनात. नियम मॅडमनीच काढलेला होता ना! मग मॅडमनी काय करावं? गेटवर उभं राहून अख्खा व्हिडिओ स्वतः करून दाखवला! हेल्मेट कसं घालायचं, आग लागली तर सायरन कसा वाजतो, तोंडाने वाजवला. "पळू नका, रांगेत चाला," म्हणत स्वतः रांगेत चालून दाखवलं. एकट्याच! शिफ्टवाले उठून गोळा झाले. शेवटी टाळ्या पडल्या.

काकांनी बॅरियर उचलला. बाळूभाऊ जागचे हलेनात.

मॅडम घामाघूम. "आता काय राहिलं?"

"ताई, ते सायरनचं येकदा परत हू द्या!"

*

तिसऱ्या दिवशी कळलं की पलीकडच्या गावाची लाइन कशाने सारखी बंद पडतेय. वाढदिवसाचा फ्लेक्स उडून तारांना गुंडाळला होता. फ्लेक्सवर एका होतकरू पुढाऱ्याचा हसरा चेहरा, गॉगल, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'गावाला अंधारातून प्रकाशाकडे नेणारा आपला माणूस'.

आम्ही लाइन बंद करून काढायला घेतलं, तर स्वतः पुढारी पांढऱ्या कपड्यांत हजर! "भाऊ, जरा जपून. चेहरा फाटू देऊ नका. मिरवणुकीला परत लागणार आहे."

बाळूभाऊ वरून ओरडले, "चेहरा निघंल व्यवस्थित, पन गॉगल तारंला चिकाटलाय!"

गर्दीत एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून हा सगळा प्रकार बघत होती. पुढाऱ्याला म्हणाली, "लेकरा, पर्काशाकडं निगाला हुतास ते ठीक हाय. पन जाताना आमची लाइट बी संगं घिऊन गेलास व्हय रं?"

*

मग दोन दिवस आम्हाला पुनावळ्याकडे मदतीला पाठवलं. तिथे आयटीतला एक तरुण रडकुंडीला येऊन जीपजवळ उभा. लॅपटॉप मरायला टेकलेला, घरातलं इंटरनेट गेलेलं, आणि अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर मीटिंग. "भाऊ, आज मीटिंग चुकली तर प्रोजेक्ट जाईल, आणि त्याच्यामागोमाग मी!"

शकीलभाईंनी त्याला पुढच्या सीटवर बसवलं, जीपच्या चार्जरला लॅपटॉप लावून दिला, नेटसाठी स्वतःचा मोबाइल दिला. मी मागे खांबावर. पोरगं टाय नीट करून इंग्रजीत सुरू झालं. खाली बर्म्युडा!

थोड्या वेळाने लॅपटॉपमधून मोठमोठ्याने हसण्याचा आवाज आला. तरुणाने आवाज बंद करून मान बाहेर काढली. "भाऊ, ते म्हणतायत बॅकग्राउंड एकदम भारी आहे. म्हणे खांबावरचा माणूस हलतोसुद्धा!"

मी पक्कड हलवून नमस्कार केला. आतून टाळ्या!

"आता ते लिंक मागतायत. कुठून डाउनलोड केलं म्हणून."

शकीलभाई काच पुसता पुसता म्हणाले, "त्यांना म्हणावं डाउनलोड नाही करावं लागत. लाइट गेली की अपने आप येतं!"

*

आणि हा शेवटचा.

बाळूभाऊंच्या गावाच्या मागच्या शिवारात मोठी लाइन तुटली होती. सबस्टेशनला सांगून ती बंद करून घेतली, बाळूभाऊ वर चढले. काम अंदाजापेक्षा लांबलं. दिलेली वेळ संपत आली आणि सबस्टेशनला कळवायचं, तर मोबाइलचा टॉवरही वादळात आडवा झालेला. रेंज शून्य! तारेला खबरदारी म्हणून अर्थिंग लावलेलं होतं, तरी माझा जीव टांगणीला. तिकडून कोणी चुकून लाइन सोडली, म्हणजे चालू केली तर? शकीलभाई जीप घेऊन सामान आणायला गेलेले. तेवढ्यात बांधावरून एक दूधवाला मोटारसायकलवर चाललेला दिसला. मी ओरडलो, "सबस्टेशनला सांग, बाळूभाऊ वर गेलेत, लाइन सोडू नका!"

गडी इमानदार. सबस्टेशनला जाऊन निरोप बरोब्बर दिला, लाइन बंदच राहिली. फक्त वाटेत बाळूभाऊंच्या गावात चहाला थांबला, आणि तिथे निम्माच सांगितला: "लाइनीवर बाळूभाऊ वर गेले."

काम संपवून ऊन उतरताना मी आणि बाळूभाऊ त्यांच्या घरी चहाला निघालो. दारात हीऽ गर्दी! वहिनी लेकीकडे संत तुकाराम नगरला गेलेल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर त्या माउलीचं काय झालं असतं! बाळूभाऊंनी मागच्या एकाला हळूच विचारलं, "कोन गेलं रं?"

तो न बघताच म्हणाला, "बाळूभाऊ. लाइनीवर."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी ओरडणार, तोच बाळूभाऊंनी माझं मनगट धरलं. कारण पुढे बोलायला त्यांचे चुलतभाऊ तात्या उभे राहिले होते. शेताच्या बांधावरून कोर्टात दावा, दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. लग्नकार्यातसुद्धा एकमेकांकडे पाठ करून जेवायचे.

तात्या उपरण्यात तोंड खुपसून रडत होते. "माझा वाघासारखा भाऊ गेला. मरताना सुदिक माझ्याशी बोलला न्हाई..."

मी कुजबुजलो, "भाऊ, सांगा ना आता!"

"थांब रं," बाळूभाऊंनी मनगट सोडलं नाही. "बोलू दे त्याला."

"...आन् त्याची चूक नव्हती वो. बांधाचा दगूड त्यानं न्हाई, मीच सरकावला हुता. आता कुनाला सांगू मी ह्ये?"

"मलाच सांग की!" मागून बाळूभाऊ गरजले. "आन् दगूड उद्याच्या उद्या मागं घे! समद्या गावानं ऐकलंय!"

किंकाळ्या, पळापळ, दोघंतिघं तर ओट्यावरून खाली! तात्या मात्र जागच्या जागी उभे. मग गर्दीतून वाट काढत आले, चिखलाने भरलेल्या भावाला कडकडून मिठी मारली, उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले,

"मेलेल्या मानसाची साक्ष कोर्टात चालत न्हाई!"