बाबांची वाटाडी

साखरेनं बाबांची नजर पूर्ण गेली, त्यानंतर आमच्या अंधेरीच्या कोळीवाड्यातल्या घरी एक काळी लॅब्रेडोर कुत्री आली. तिला बाबांची वाटाडी म्हणून तयार करायचं होतं. ती पास झाली असती तर बाबा एकटे बंदरावर जाऊ शकले असते. जन्मभर होडी चालवलेल्या माणसाला पोरीचा हात धरून समुद्राकडे जायची लाज वाटायची.

शिकवणाऱ्या बाई दर शनिवारी यायच्या. कुत्रं हुशार हवं असं मी धरून चालले होते, पण बाईंना हुशारीचं फारसं कौतुक नव्हतं. "शांत हवं," त्या म्हणायच्या. डोक्यावरून विमान जावो की शेजारी ताशा वाजो, आमची बया कान हलवायची आणि बाबांच्या गुडघ्याला लागून चालत राहायची. पुढे खड्डा असला, तर बाबा "चल" म्हणाले तरी जागची हलायची नाही. बाई खूश होत्या. त्यांची ताकीद एकच, बाबांशिवाय कुणी तिला हातानं खायला द्यायचं नाही.

तेवढंच मला जमलं नाही. आमच्याकडे मासळी साफ करताना पहिला तुकडा दाराशी उभ्या मुक्या जिवाला जातो. आईनं मरेपर्यंत ते चुकवलं नाही. बाईंची रिक्षा वळली की मी बांगड्याचं डोकं पुढे करायचे. एवढ्यानं काय होतंय, असं वाटायचं. मूर्ख होते मी.

परीक्षा मासळी बाजारात झाली. एका कोळणीनं कौतुकानं बांगड्याचं डोकं पुढे केलं आणि कुत्री गर्रकन वळली. बाबा बर्फाच्या पेटीवर आदळले, तळहात फाटला.

"मॅडम, तिची चूक नाय. मीच पट्टा ओढला," बाबा पडल्या पडल्याच म्हणाले. "नापास नका करू ना तिला."

त्यांनी पट्टा ओढला नव्हता, बाईंनीही ते पाहिलं होतं. आठवड्याभरात कुत्री दुसऱ्या घरी गेली.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा एका दुपारी मी रडत सगळं कबूल केलं.

"ठाऊक होतं गं. तिच्या तोंडाला वास यायचा."

"मग मला अडवलं का नाही?"

"तिला खायला घालताना 'ये गं बाय' म्हणायचीस ना, अगदी तुझ्या आईसारखं," ते म्हणाले. "ते बंद झालं असतं."