पंखाखालची लाल पट्टी

विमानतळावरची माणसं त्याला माघारे म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हतं. डोंगरापलीकडच्या इस्पितळात औषधांची खोकी घेऊन निघालेलं त्याचं चार जणांचं छोटं विमान पुष्कळदा अर्ध्या वाटेवरून माघारी येई, त्यावरून पडलेलं ते नाव. नव्या कारकुनाने तर हजेरीच्या वहीतही तेच लिहिलं होतं. वैमानिक त्यावर रागावला नाही. "शीर सलामत तर पगडी पचास," एवढंच म्हणाला आणि आपला चहाचा कप विसळायला घेऊन गेला. बावीस वर्षांत त्याने विमानाला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता, हे मात्र कोणी बोलून दाखवत नसे.

माणूस मुळातच काळजीखोर. घराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा. गॅस बंद आहे ना, हे पाहायला बायकोला अर्ध्या जिन्यावरून परत पाठवणारा. त्याच्या विमानालाही त्याच्या काळजीची एक खूण होती. पंखाला खालून आधार देणारी तिरकी दांडी असते, तिच्यावर दोन्ही बाजूंना त्याने बोटभर रुंदीची लाल चिकटपट्टी लावली होती. तापमान शून्याखाली गेलेल्या ढगात शिरलं की पाण्याचे थेंब विमानावर आपटताच गोठतात. तो बर्फ कधी कधी काचेसारखा नितळ असतो, नुसत्या पत्र्यावर दिसतही नाही. लाल रंगावर मात्र लगेच कळतो. पट्टीला चकाकी आली की मागे फिरायचं, विचार करत बसायचं नाही, हा त्याचा नियम. कारण बर्फाच्या वजनापेक्षा त्याचा आकार वाईट. पंखाची ठेवण बिघडली की हवा त्याला उचलून धरत नाही.

त्या सकाळी त्याच्या शेजारी त्याची ताई बसली होती. ती त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून शिवणाच्या मशीनवर बसून ताईनेच त्याला वाढवलं आणि शिकवलं. ताईला "नाही" म्हणायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती. तिची मुलगी डोंगरापलीकडच्या त्या इस्पितळात बाळंतपणासाठी दाखल झाली होती. दिवस पुरे भरले नव्हते. कळा पहाटेच सुरू झाल्या होत्या आणि घाटात दरड कोसळून रस्ता बंद झालेला. हवामानाच्या माणसाने सांगितलं होतं, खिंडीवर ढग आहेत, पण विरळ आहेत. जावं की न जावं, या विचारात तो नकाशावर पेन्सिल आपटत होता, तेवढ्यात ताई पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"एरवी तू हवा तितका माघारी ये," ती म्हणाली. "आजच्या दिवस नको."

तो निघाला.

डाव्या बाजूची लाल पट्टी गेल्या आठवड्यात निघून पडली होती. नवी लावू, उद्या लावू, असं म्हणता म्हणता राहून गेलं होतं. उजवीकडची शाबूत होती. पण दाराच्या फटीतून वारा लागतो म्हणून ताईने बाळासाठी शिवलेली दुलई तिच्या बाजूच्या खिडकीत कोंबली होती. पट्टी दुलईमागे गेली. हे त्याच्या लक्षात आलं नाही असं नव्हे. दुसरा कुणी असता तर त्याने निघतानाच ती दुलई काढायला लावली असती. ताईला कसं सांगायचं? ती डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते आणि बोटांच्या पेरांवर ती काहीतरी मोजत होती. काढील थोड्या वेळाने, असं त्याने स्वतःला समजावलं.

खिंड जवळ आली आणि विरळ म्हटलेले ढग अंगावर आले. काचेबाहेर सगळं राखाडी झालं. तापमापकाचा काटा शून्यावर आला, मग उणे तीनवर. त्याने डावीकडे मान वळवून दांडी पाहिली. ओली दिसत होती, बाकी काही कळत नव्हतं. पाचच मिनिटं, खिंड ओलांडली की उतार, असं तो मनाशी म्हणाला. ही पाच मिनिटं त्याने बावीस वर्षांत कधी कुणाला दिली नव्हती.

वेगाचा काटा थोडा उतरला. त्याने इंजिनाला जोर दिला. काटा सावरला आणि पुन्हा घसरला. मग इंजिनाचा आवाज हळूच खाली बसला, बोलता बोलता कुणाचा घसा बसावा तसा. इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या आतही बर्फ धरू लागला होता. त्याने गरम हवेची मूठ ओढली, तशी इंजिनाला ठसक्यामागून ठसके लागले आणि अख्खं विमान थरथरू लागलं.

ताईने डोळे उघडले. "तू ते ओढलंस म्हणून होतंय हे. आत ढकल."

त्याचाही हात नेमका त्याच मोहात होता. नवशिके इथेच फसतात. मूठ ओढली की आतला बर्फ वितळून ते पाणी इंजिनात जातं, आणि बरं होण्याआधी दुखणं वाढतं. घाबरून मूठ परत ढकलली की संपलं. त्याला शिकवणारे म्हातारे गुरुजी म्हणत, खोकला आला म्हणून औषध थांबवू नये. त्याने मूठ तशीच धरून ठेवली. एक, दोन, तीन करत तो मोजत राहिला. अठ्ठावीसपर्यंत ठसके तसेच होते. एकोणतिसाव्याला इंजिनाने घसा साफ केला.

"ताई, ती दुलई काढ."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तिने न विचारता ती ओढून मांडीवर घेतली. बाहेर लाल पट्टी जाड काचेच्या बुडातून पाहावी तशी पसरट आणि वेडीवाकडी दिसत होती. बर्फ अंगठ्याएवढा जाड झाला होता.

पुढे उंच डोंगर, तिथे खाली उतरायला जागा नाही. मागे मात्र रुंद खोरं होतं आणि खोऱ्यात हवा उबदार.

"आपण मागे फिरतोय."

"आणि पोरगी?"

"तिच्याजवळ डॉक्टर आहेत. तुझ्याजवळ मीच आहे."

ताईने तोंड खिडकीकडे वळवलं. त्याला वाटलं, तिने ओरडावं, म्हणजे बरं. तिचं ते वळवलेलं तोंड त्याला इंजिनाच्या ठसक्यापेक्षा जड गेलं.

काठोकाठ भरलेली कळशी घेऊन वळावं तसा तो वळला. झटका दिला असता तर पंखांनी तिथेच हात टेकले असते. समोरची काच पांढरी झाली होती. पुढच्या फिरत्या पंख्यावरून सुटलेले बर्फाचे तुकडे विमानाच्या अंगावर आपटत होते, कुणी आडून दगड मारावेत तसे. दर आवाजाला ताई दाराची मूठ घट्ट धरी. तो बोटभराने खाली येई, काट्यांकडे पाही, पुन्हा बोटभर खाली. किती वेळ गेला ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही. त्याने रेडिओवरून धावपट्टी मोकळी ठेवायला सांगितलं, तेव्हा पलीकडच्या माणसाने "माघारे, काय झालं?" असं विचारलं नाही. नुसतं "मोकळी आहे" म्हणाला.

ढग वर राहिले, खाली ओली शेतं दिसली. तरी पंख अजून जड होते. तो नेहमीपेक्षा खूप वेगात, बाजूच्या खिडकीतून मान काढल्यासारखं पाहत उतरला. चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली. धावपट्टी जवळजवळ संपेपर्यंत विमान धावत राहिलं. थांबल्यावर त्याला कमरेचा पट्टा सोडवेना. ताईनेच त्याचा पट्टा सोडला, शाळेत पाठवताना त्याची बटणं लावायची तशी, पण उलट.

बाहेर मेकॅनिक दांडीवरचा बर्फ टकटक वाजवून बघत होता. तो थट्टा करणारा गडी, पण त्या दिवशी त्याने फक्त टोपी काढून डोकं खाजवलं.

ताई कचेरीतल्या फोनजवळ दुपारपर्यंत बसली. हातातली दुलई तिने खाली ठेवली नाही. तो दाराशी उभा राही, आत येई, पुन्हा बाहेर जाई. त्याला तिच्यासमोर बसायचं धाडस होत नव्हतं. अडीचच्या सुमाराला फोन वाजला. मुलगी झाली होती, बारकीशी. काचेच्या पेटीत ठेवली होती, पण रडत होती. भाची पलीकडून थकल्या आवाजात म्हणाली, आई, तू आली असतीस तरी तुला दाराबाहेरच बसवलं असतं.

ताईने फोन ठेवला आणि डोळे पुसले. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "खिडकी अडली होती तर तोंडाने सांगायला काय झालं होतं? मी काय तुला खाणार होते?"

तो विमानाकडे गेला आणि डावीकडची पट्टी लावून आला.

चौथ्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. ताई पुन्हा त्याच्या शेजारी बसली. दुलई मांडीवर घट्ट, नजर खिडकीबाहेर. खिंडीपर्यंत तिने वीसेक वेळा तरी सांगितलं असेल, लाल आहे, अजून लाल आहे. खिंडीच्या तोंडाशी तिचा आवाज एकदम बदलला. "अरे, चकाकतेय. फीर मागे."

"ऊन आहे ते, ताई," तो म्हणाला. तरी वाकून त्याने पट्टी नीट पाहून घेतलीच.