सतीच्या पाठीवरचा पांढरा रंग

बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. मिरजेच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी ती डोळे मिटून पडली होती. नर्सबाई मला म्हणाली, "आजोबा, नावानं हाक मारा की त्यांना. ओळखीचा आवाज ऐकून बघतीलही." मी "अगं" म्हटलं. "ऐकलंस का" म्हटलं. खांद्याला हात लावून हलवलं. नाव काही तोंडातून निघालं नाही. नर्सबाईला वाटलं, म्हातारा बायकोचं नाव विसरला. विसरलो नव्हतो. त्या नावाचा मी तरुणपणी जो तमाशा केला होता, त्यानंतर ते घ्यायची मला लाजच वाटत आली.

शाळा माझी दुसरीत सुटली. म्हणून जसं झालं तसं, साधंच लिहितो.

दुसरी मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात मी फौजेतून रजेवर येऊन लग्न केलं. आमचं गाव साताऱ्याकडचं, गडाच्या पायथ्याचं. बायको सांगलीकडची, कृष्णाकाठची. तिकडं सगळी सपाट काळी जमीन. वडील तिचे हळद पिकवायचे, आणि हळद शिजवून चोळून तिच्या तळहाताच्या रेघासुद्धा पिवळ्या झालेल्या. डोंगर तिनं लांबूनच पाहिलेला.

आमच्याकडं रीत अशी, की नवं जोडपं मंगळवारी गडावर जाऊन देवीला नारळ फोडून येतं. त्याशिवाय सुनेला गावच्या बायकांत धरत नाहीत. गड ओसाड. वर एक देऊळ, एक पाण्याचं टाकं, बाकी पडकी जोती आणि निवडुंग. मला आई नव्हती. थोरल्या चुलतीनं वाढवलं, तिला मी थोरली आई म्हणायचो. तिनं परडी भरून दिली आणि आम्हा दोघांना पहाटे वाटेला लावलं.

घरात माणसं फार. लग्न झाल्यापासून आम्ही धड बोललोच नव्हतो. पहिलं बोलणं झालं ते त्या वाटेवर.

"आवं, अजून लांब हाय?"

"आलंच की."

"मघाशीबी आलंच म्हनला हुता."

"तवा खोटं बोललो."

ती मटकन एका धोंड्यावर बसली आणि हसायला लागली. म्हणाली, "आमच्याकडं असं उभं रान कुनी ठेवत न्हाई. एवढ्याला ऊस लावला असता तर?" मी म्हटलं, "ऊस लावायला तुझ्या बापाला बोलव, पानी तेवढं डोक्यावरनं आनायला सांग." असं चाललं होतं. मला वाटलं, आपण राजे आहोत.

आता माझ्या पिशवीत काय होतं ते सांगतो. फौजेत माझं काम होतं लाऱ्यांवर नंबर रंगवायचं. अक्षरं मी तिथंच नीट शिकलो, तीही मोठी, चौकोनी, लारीवरची. येताना अर्धा डबा पांढरा रंग आणि एक ब्रश न विचारता उचलून आणला होता. तो मी गडावर नेला. ठरवून नेला, हे लपवत नाही.

गडाच्या दरवाजाला तेव्हाही नावं होतीच. पाचगणीच्या बोर्डिंगातली पोरं सहलीला यायची, त्यांनी छिन्नीनं कोरलेली इंग्रजी नावं. कुणी कोळशानं लिहिलेलं. चळवळीच्या दिवसांत पोरांनी डांबरानं ओढलेल्या घोषणा. मी लहानपणापासून ते बघत होतो, आणि मला वाटायचं, ज्याचं नाव इथं आहे तो कुणीतरी मोठा. मग आपलं का नको?

देवीचं झालं. ती टाक्यावर पाय धुवायला बसली. देवळाच्या मागं, कड्याच्या अलीकडं, पुरुषभर उंचीचा एक सपाट दगड उभा होता. पाठ वाटेकडं. मी गुरं घेऊन शंभरदा तिथून गेलो असेन. दगड म्हणजे दगड. मी त्यावर माझं नाव काढलं आणि खाली तिचं. हातभर मोठं एकेक अक्षर.

ती ओल्या पायांनी आली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं?"

"वर मी. खाली तू."

तिनं बोट लावून बघितलं. बोट पांढरं झालं. इकडंतिकडं बघून तिनं पदर ओढला.

"पुसा आवं. कोन बघल."

"हे पुसत न्हाई. लारीवर पावसाळं निघतात ह्यावर."

"माझं कशाला पर? मी अजून हितली झालेबी न्हाई."

"झालीस आता," मी म्हटलं, आणि मला माझ्या बोलण्याचं लय कौतुक वाटलं.

पुढच्या मंगळवारी गावच्या बायका वर गेल्या. गडावर त्यांची एक जागा होती, तिथं पुरुषांनी जायचं नाही. ती जागा म्हणजे त्या दगडाची कड्याकडची बाजू. आम्ही गडी टाक्यावर बसायचो आणि बायका दगडाला वळसा घालून जायच्या. काय करतात ते कुणी विचारायचं नाही, मीही कधी विचारलं नव्हतं. त्या बाजूला बांगड्या भरलेला हात कोरला होता, वर चंद्र आणि सूर्य. सतीचा दगड, हे मला मागाहून कळलं. नवरा मेला म्हणून त्याच्यामागं जळालेल्या कुठल्या तरी बाईचा. बायका तिला हळदकुंकू लावायच्या आणि मागायच्या, की आमच्यावर ही वेळ आणू नको.

आणि तिच्या पाठीवर मी आम्हा दोघांची नावं रंगवून ठेवली होती. वर नवरा, खाली बायको. ज्या क्रमानं जायचं त्याच क्रमानं.

बायकांबरोबर शाळेत जाणारी एक पोर होती, तिनं अक्षरं वाचून दाखवली. थोरली आई खाली आली ती माझ्याशी बोलली नाही. रोज सकाळी ती सुनेला स्वतःच्या हातानं कुंकू लावायची, दुसऱ्या दिवशी लावलं नाही. करंडा झाकून ठेवला. पाणवठ्यावर बायका माझ्या बायकोला बघून घागरी बाजूला घेऊ लागल्या. जित्या बाईचं नाव सतीवर लागलं, आता हिचा नवरा राहत नाही, आणि हिच्या हातचं हळदकुंकू घेणारीचाही राहणार नाही, असं त्यांचं. संक्रांत तोंडावर आली होती. आमच्या आळीतल्या कुठल्याच घरातून तिला बोलावणं आलं नाही.

इकडं गड्यांत वेगळंच. माझ्याबरोबर रजेवर आलेला एक दोस्त ससे मारायला वर गेला आणि वाचून आला. चावडीवर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काय गड्या, वैनीला किल्लेदार केलंस म्हनं?" आणि तिचं नाव घेतलं. मोठ्यांदा, हजेरी घेतल्यासारखं. आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही, आणि इथं चावडीवर गडी हसतायत. मी त्याची गचांडी धरली. तो म्हणाला, "लिवलंस तू, आन वाचलं म्हनून मला मारतोस व्हय रं?" मी गचांडी सोडली.

गुराखी पोरांनी तर खेळच मांडला. कड्यावर उभी राहून पोरं तिचं नाव ओरडायची आणि कडा तेच परत ओरडायचा. बायको खाली पाणी भरायची. वरून तिचं नाव यायचं, पुन्हा पुन्हा. मान खाली घालून भरत राहायची. मी हे डोळ्यांनी पाहिलं.

शेवटी थोरल्या आईनं तोंड उघडलं.

"वर जा आन ते पुसून ये."

"सायबाच्या पोरांची नावं हायत दरवाजाला. ती कुनी पुसली?"

"ती दरवाजाला हायत. सतीला न्हाईत."

"मला काय ठावं ती सती हाय? तुमी बायकांनी कवा सांगितलं?"

"ईचारलंस कवा?"

मला राग आला. खरं तर लाज आली होती, पण तेव्हा मला दोन्हींत फरक कळत नव्हता. मी म्हणालो, "मी सरकारचा शिपाई हाय. बायकांच्या सांगन्यावरनं दगड घासत बसनार न्हाई. तुमचं तुमी बघा." बायको चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं. भाकरी थापायचा आवाज तेवढा थांबला.

दुसऱ्या दिवशी उठलो तर ती घरात नाही. थोरली आई दळण निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गेली ती. ईट आन राकेल घेऊन."

तरी मी लगेच तिच्या मागं गेलो नाही. चावडीवर जाऊन बिडी ओढली. ऊन चढेपर्यंत बसलो. सगळ्यांना ठाऊक होतं ती कुठं गेली आणि मी कुठं बसलोय. मग उठलो.

वर पोचलो तर ती दगडाला छाती लावून विटेनं घासत होती. सपाटीवरची पोर, एकटीच ती वाट चढून आली होती. बोटांची सालटी निघालेली, हातावरच्या पिवळ्या रेघांत विटेची लाल भुकटी. माझं नाव बरंच गेलं होतं. तिचं तसंच्या तसं होतं, हात लावला नव्हता.

"तुझं का न्हाई काढलं?"

"तुमचं आधी," ती म्हणाली. "दिस मावळला आन अर्धं ऱ्हायलं, तर माझं ऱ्हाऊ दे."

मी तिच्या हातातून वीट घेतली. तिनं सोडली, पण माझ्याकडं बघितलं नाही. आम्ही दुपारपर्यंत घासलं, आळीपाळीनं. रंग निघाला. पण त्याच्याबरोबर दगडावरचा किती तरी पावसाळ्यांचा काळा थरही निघाला. काळ्या दगडावर आमच्या नावांच्या जागी फिकट डाग राहिले, आणि लांबून बघितलं तर त्या डागांतूनही अक्षरं कळत होती. दगडाला जे करायचं ते मी करून बसलो होतो, घासून ते न केल्यासारखं होणार नव्हतं.

हल्ली आमच्या गडावर मोटारसायकली घेऊन पोरं येतात. रंगाचे फवारे मारतात, बदाम काढतात, पोरींची नावं लिहितात. गावातले म्हणतात, आबा, तुम्ही जुने फौजी, तुम्ही दरडावा त्यांना. मी दरडावत नाही. त्या नाववाल्या पोरींना विचारलं होतं का, एवढंच त्यांना विचारावंसं वाटतं, आणि तेही विचारायला मला तोंड नाही.

डाग राहिले म्हणून थोरल्या आईनं सांगितलं, की येत्या मंगळवारी बायकांबरोबर मीही वर यायचं. दगडाला वळसा घालून, सतीच्या तोंडासमोर, सगळ्यांच्या देखत डोकं टेकायचं. गावातला कुठलाच गडी तिथं गेलेला नव्हता. मी गेलो. बायकांच्या मागून, हातात परडी धरून. एक म्हातारी मागं वळून म्हणाली, "शिपाईदादा, बंदूक कुठं ठिवली?" आणि सगळ्या हसल्या. बायकोही त्यांच्यात होती, पण जरा लांबून चालत होती. ती हसली नाही.

तो हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कोपरापासून उभा, बोटं सरळ जुळलेली, बांगड्या मनगटापासून वरपर्यंत. कुंकवानं भिजून लाल झालेला. मी डोकं टेकलं. "चुकलं" म्हटलं. थोरली आई म्हणाली, "मला आइकू आलं न्हाई." मी पुन्हा म्हटलं. मग ती म्हणाली, "आता जा तिकडं टाक्यावर." मी टाक्यावर जाऊन पाठ करून बसलो. मागं बायका काय करत होत्या ते मला दिसलं नाही. फक्त बांगड्यांचा आवाज येत होता.

उतरताना बायकोच्या कपाळाला कुंकू होतं. कुणी लावलं ते मी विचारलं नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माझी रजा संपली. रस्त्यावर सर्व्हिस मोटार उभी राहायची ती पाणवठ्याच्या वरच. मी खिडकीला बसलो. खाली बायकांची रांग घागरी घेऊन वर येत होती, आणि ती मधोमध होती. पुढची काहीतरी बोलली, मागचीनं टोमणा मारला, आणि ती हसली. गडाच्या वाटेवर धोंड्यावर बसून हसली होती तशीच. मी हात बाहेर काढला. तिच्या डोक्यावर भरलेली घागर, मान वळवता येत नव्हती. आली असती तरी वळवली असती का, माहीत नाही.

मला राग आला, हे सांगायलाच पाहिजे. नवरा लांब मुलखाला चाललाय आणि ही हसतेय. मोटार सुटली, वळणावर आली, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला, की मी नसताना ह्या बायकांत तिला असं हसता यावं याच्यासाठीही ती एकटी वीट घेऊन वर गेली होती, आणि मी चावडीवर बिडी ओढत बसलो होतो. डोळ्यांत पाणी आलं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "पावनं, घरची आठवन आली व्हय?"

मी व्हय म्हणालो.